सगळ्यांच्या वहीत तेच दोन डोंगर : कलातासाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी चौथीला शिकवते. पट ३४. ‘मनाने चित्र काढा’ म्हटलं की जवळजवळ सगळ्या वह्यांत तेच येतं : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. मुलांना स्वतःचं काही सुचावं म्हणून काय करू?
— एक शिक्षिका, जुन्नर तालुका

उत्तर : बाई, मुलांना सुचत नाही असं नाही. ‘मनाने काढा’ ही सूचना इतकी मोकळी आहे की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मग हाताला बसलेलं, पूर्वी शाबासकी मिळवून दिलेलं चित्र पुढे येतं. म्हणून विषय अरुंद करा आणि त्याच्या आतले सगळे निर्णय मुलांवर सोडा. ‘पावसाळा’ असा विषय देऊ नका. ‘शाळा सुटली, धो धो पाऊस लागला आणि दोघांत छत्री एकच’ असा द्या.

पेन्सिल हातात घेण्याआधी आठ मिनिटं नुसते प्रश्न विचारा. छत्री कुणी धरलीय? दोघांत उंच कोण? कुणाचा खांदा भिजतोय? दप्तर पाठीवर आहे की पोटाशी धरलंय? चपला पायात आहेत की हातात? आणि आपण हे बघतोय कुठून, समोरून की वरच्या मजल्याच्या खिडकीतून? दोन-तीन जोड्यांना खरोखरच एका छत्रीखाली उभं करा. कोण कुठे वाकतं, कोपर कुठे जातं, हे अंगाने कळलं की कागदावर आपोआप उतरतं. फळ्यावर मात्र एकही रेघ काढू नका. नमुना काढून पुसला तरी बहुतेक वह्यांत तोच उतरतो.

३५ मिनिटांच्या तासात आठ मिनिटं बोलणं, वीस मिनिटं चित्र आणि सात मिनिटं एकमेकांची चित्रं बघणं, असं बसवा. पाठकोरा कागद अर्धा करून दिला तरी पुरतो. मोठ्या कागदावर उरलेली जागा भरायला डोंगर परत येतात. पहिली पंधरा मिनिटं खोडरबर दप्तरात राहू द्या, कारण या वयात मुलं एकच चेहरा खोडत बसतात आणि बाकीचं चित्र राहून जातं. चित्र बघताना ‘छान’ एवढ्यावर थांबू नका, जे दिसतंय ते बोला : ‘छत्री तू कागदाच्या बाहेर जाऊ दिलीस’, ‘हिचा एकच पाय चिखलात आहे’. आपण काय ठरवलं होतं हे मुलाला त्यातून कळतं.

एक गोष्ट वयाची. साधारण सात ते नऊ वर्षांची मुलं जे दिसतं त्यापेक्षा जे माहीत आहे ते काढतात. भिंतीआडची माणसं दिसतात, आई घराहून उंच होते. ती चूक नाही, दुरुस्त करायला जाऊ नका. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात नवव्या वर्षाच्या आसपास पुढचं वळण येतं : ‘माझं खऱ्यासारखं दिसत नाही’ ही तक्रार सुरू होते. तुमची चौथीची मुलं नेमकी त्या उंबरठ्यावर आहेत, आणि पुष्कळ मुलांचं चित्र काढणं इथेच सुटतं. त्यांना कल्पनेइतकीच बघण्याची सवय हवी. प्रत्येकाच्या हातात जास्वंदीचं एक पान द्या. कागदाकडे न बघता, पानाच्या कडेवरून डोळा जितका सरकेल तितकीच पेन्सिल सरकू द्यायची. पाच मिनिटं पुरेत. चित्र वेडंवाकडं येणार हे सगळ्यांना आधीच सांगा, म्हणजे कुणी कुणाशी तुलना करत नाही. मग तेच पान कागदाकडे बघून काढायला सांगा. कडेचे दाते आणि शिरा आता नीट येतात, कारण त्या पहिल्यांदाच बघितल्या गेल्या.

प्रश्न : चित्रं काढायची गोडी लागावी म्हणून दर आठवड्याला उत्तम चित्राला बक्षीस द्यावं, असं शाळेत ठरतंय. योग्य आहे का?
— एक पालक, सांगली

उत्तर : आमच्या मते नाही. अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना ‘चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांचा ओढा मात्र कमी झाला नाही. बक्षिसाच्या पैशांत दोरी आणि चिमटे घ्या आणि दर आठवड्याला प्रत्येकाचं एक चित्र व्हरांड्यात लावा. कोणतं लावायचं ते मुलानेच निवडायचं.

प्रश्न : आमची दोनशिक्षकी शाळा. रंगांसाठी पैसे नाहीत. घरगुती रंग केले, पण वाळल्यावर ते हाताला लागतात. मुलांना वारली चित्रंही शिकवायची आहेत.
— एक शिक्षक, पालघर जिल्हा

उत्तर : रंग हाताला लागतो याचा अर्थ चिकटा कमी पडला. बाभळीच्या डिंकाची पूड एक चमचा, कोमट पाणी तीन चमचे, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. गेरू कुटून मलमलीतून चाळा. भरड राहिला तर काहीही केलं तरी तो सुटणारच. एक चमचा गेरू थोड्या पाण्यात दाट कालवा आणि त्यात अर्धा चमचा डिंकाचं पाणी घाला. कागदाच्या तुकड्यावर फासून, वाळवून बोट घासा. रंग निघाला तर डिंक वाढवा. चकाकी किंवा तडे दिसले तर तो जास्त झालाय, मग गेरू वाढवा. पिवळी माती आणि खडूची पूड याच पद्धतीने होते. कोळसा पाण्यावर तरंगतो, म्हणून त्याची पूड आधी डिंकाच्या पाण्यातच घोटा. हे रंग दोन-तीन दिवसांत आंबतात, तेव्हा लागेल तेवढेच करा.

हळद उन्हात उडते, म्हणून टिकाऊ चित्राला ती नको. पण प्रयोगाला तिच्यासारखी गंमत नाही. हळदीचं पाणी फासलेला कागद वाळवा आणि त्यावर साबणाच्या पाण्याने चित्र काढू द्या. रेघा तांबड्या उमटतात. वरून लिंबाचा थेंब टाकला की तिथे पुन्हा पिवळं होतं. चुन्याच्या निवळीनेही हे होतं, पण ती डोळ्यांत गेली तर इजा होते, तेव्हा मुलांच्या हाती देऊ नका.

वारलीसाठी तांदळाची पिठी, पाणी, थोडा डिंक आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढं पुरतं. तुमच्या भागात हे जाणणारी माणसं गावातच आहेत, त्यांना शाळेत बोलवा. घोटाळा होतो तो इथे : दोन त्रिकोण जोडून माणूस ‘असाच’ काढायचा, असा साचा शिकवला जातो. मुलांना वरचा त्रिकोण कलवून बघू द्या. कललेल्या धडाने माणूस ओझं उचलतो, पेरणी करतो, नाचतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी हे चित्र लग्नात भिंतीवर काढायच्या चौकापलीकडे नेलं आणि रोजचं जगणं त्यात आणलं. तुमच्या मुलांनीही तारप्याचा (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य) नाच उतरवून काढण्यापेक्षा हापशावरची रांग किंवा आठवडी बाजार काढावा.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. रेखाकला (एलिमेंटरी-इंटरमीजिएट) परीक्षेच्या क्लासमध्ये स्मरणचित्रासाठी, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीने काढायच्या चित्रासाठी, ‘भाजीवाली’, ‘होळी’ अशी तयार चित्रं पाठ करून घेतात. परीक्षाच देऊ नये का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : परीक्षा जरूर द्यावी. वस्तुचित्राने नजर तयार होते, भूमितीने हात स्वच्छ होतो. पाठ केलेल्या चित्राने मात्र विषय जरा बदलला की हात अडतो. घरी एवढं करा : विषय दिला की काड्यापेटीच्या आकाराच्या चार चौकटी आखून पाच मिनिटांत चार मांडण्या काढायच्या. एक जवळून, एक लांबून, एक गच्चीवरून आणि एकीत मुख्य माणूस पाठमोरा. त्यातली एक निवडायची आणि तीच का, ते तुम्हाला सांगायचं.

नेहमीची चूक म्हणजे सगळी माणसं एकाच रेषेवर रांगेत उभी. सपाट जमिनीवर उभं राहून बघितलं, तर जवळच्या आणि लांबच्या उभ्या माणसांची डोकी साधारण एकाच उंचीवर येतात. माणूस लांब गेला की पाय वर सरकतात. हे मंडईत दाखवून द्या.

संकल्पचित्रासाठी, म्हणजे नक्षीच्या रचनेसाठी, पुस्तकातली नक्षी उतरवू नये. एक खरं पान घेऊन त्याचा साधा आकार काळ्या कागदातून सहा वेळा कापायचा आणि पांढऱ्या चौकोनात फिरवत राहायचं. तुकड्यांच्या मधल्या पांढऱ्या जागांनाही आकार आला की कडा आखायच्या. तोवर तुकडे हलवत राहू दे, रंगपेटी उघडू नका.