माइक नंतर घ्या, आधी बूथ कोणत्या सुराला घुमतो ते बघा

ग्रुपवरची तुमची पोस्ट दोनदा वाचली. चार बाय चार, उंची आठ फूट, रेकॉर्डिंगसाठी प्लायचा बूथ, आतून एक इंची फोम, माइक ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२०. ऑडिओबुकचे तीन भाग ‘रूम साउंड’ (म्हणजे आवाजासोबत खोलीचं घुमणंही रेकॉर्ड झालंय) असा शेरा मारून परत आले, आणि आता कुणीतरी लाखभराचा माइक घ्यायला सांगतंय. साडेचार वर्षांपूर्वी मी डोंबिवलीत अगदी याच मापाच्या बूथमध्ये बसलो होतो, शेराही हाच होता. म्हणून सविस्तर लिहितो. मी साउंड इंजिनियर नाही, आवाजाची कामं करणारा माणूस आहे. जाणकारांनी चूक दिसली तर दुरुस्त करावी.

इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र), फँटम पॉवर, पॉप फिल्टर हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी माझी चूक, कारण ती तुम्ही करायच्या बेतात आहात. माझी पहिली दोन पुस्तकं बेडरूममधल्या कपड्यांच्या कपाटाची दारं उघडून, साड्या-शर्टांकडे तोंड करून रेकॉर्ड केलेली होती. मागे दोरीवर दोन गोधड्या. माइक तुमचाच, एटी २०२०. दोन्ही पुस्तकं पहिल्या फेरीत पास झाली. मग वाटलं, आता हे नीट धंद्यासारखं करावं. सुताराकडून १८ मिमी प्लायचा बूथ करून घेतला, दाराला रबर लावलं, आतून करडा फोम चिकटवला. दिसायला झकास. त्यात तिसरं पुस्तक वाचलं, अकरा तासांचं. ते सगळंच्या सगळं परत आलं.

ज्या ऑफिसकडून काम होतं त्यांचं उत्तर दोन ओळींचं: ‘रेकॉर्डिंगमध्ये रूम साउंड आहे. कृपया पुन्हा रेकॉर्ड करून पाठवा.’ मी विचारलं, कुठल्या प्रकरणात, कितव्या मिनिटाला? पुन्हा त्याच दोन ओळी. दहा सेकंदांचा तुकडा कापून पाठवा म्हटलं, तर ‘ही तांत्रिक टीमची बाब आहे’. तांत्रिक टीमचा पत्ता मागितला, तर ती टीम बाहेरच्यांशी बोलत नाही. फोनवरची मुलगी सभ्य होती, तिचा दोष नाही, तिच्याही हातात तेवढेच दोन वाक्यांचे कागद असणार. पण तुम्हाला माहीतच आहे, पैसे तयार तासावर, म्हणजे पूर्ण झालेल्या रेकॉर्डिंगच्या तासावर मिळतात. तयार एका तासामागे वाचायला आणि दुरुस्त्यांना किमान तीन तास जातात. अकरा तासांचं पुस्तक पुन्हा वाचायचं म्हणजे तीसेक तासांची फुकट मेहनत, घसा वेगळा. हे काम परत पाठवणाऱ्याला दिसतच नाही. ‘आवाज घुमतोय, खालच्या पट्टीत’ एवढे चार शब्द कुणी लिहिले असते तर माझे तीन महिने वाचले असते. आजही हे आठवलं की संताप होतो.

‘रूम साउंड’ या शब्दाचा मी काय अर्थ लावला? माइक स्वस्त आहे. दुकानातही विचारलं. दुकानदाराने बूथचं माप विचारलं नाही, बजेट विचारलं. मी नव्वद हजारांच्या वर मोजून न्यूमनचा टीएलएम १०३ माइक घरी आणला. माइक अप्रतिम आहे, त्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. स्वतःची खरखर फक्त ७ डेसिबल. वरच्या पट्टीत, ५ हजार हर्ट्झच्या पुढे, त्याला थोडा उठाव आहे, त्यामुळे आवाज पुढे येतो. पण माइक जे असेल ते ऐकतो. माझ्या बूथमध्ये घुमणं होतं, ते त्याने जास्त स्वच्छ ऐकलं. पहिली तीन प्रकरणं पुन्हा वाचून पाठवली, पुन्हा त्याच दोन ओळी. दुकानाने उघडलेला माइक परत घ्यायला नकार दिला.

उलगडा केला माझ्या मामाने. मामा भजनात पेटी वाजवतो, माइकमधलं त्याला काही कळत नाही. बूथ बघायला म्हणून आत गेला, दार लावलं, आणि सवयीने खर्जातून वर गुणगुणत गेला. एका जागी थांबला. तोच सूर पुन्हा लावला, पुन्हा सोडला. बाहेर येऊन म्हणाला, ‘तुझा हा डबा काळी एकमध्ये लावलाय रे.’ काळी एक म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी. मी आत जाऊन तसंच केलं. बाकी सगळे सूर साधे, आणि त्या एका सुराला प्लाय छातीशी थरथरत होता.

नंतर हिशोब मांडला तेव्हा मामाचा कान किती पक्का ते कळलं. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर दुप्पट करा आणि त्याने वेगाला भागा, म्हणजे त्या भिंती कुठल्या सुराला घुमतात ते येतं. चार फूट म्हणजे १.२२ मीटर. उत्तर १४० हर्ट्झ. खर्जाकडची काळी एक साधारण १३९. आता तुमचं माप बघा: लांबी चार, रुंदी चार, म्हणजे दोन्हीकडून १४०. उंची आठ फूट, तिचं ७०, आणि त्याची दुप्पट पुन्हा १४०. तिन्ही बाजू एकाच सुरावर एकत्र आल्यात. पुरुषाचा बोलण्याचा मूळ सूर ढोबळमानाने ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये असतो. तुम्ही लिहिलंय की तुमचा आवाज खर्जातला आहे. म्हणजे वाक्यात आवाज जरा चढला की तो नेमका या सुरावरून जाणार, आणि त्याच शब्दांना डब्यातून बोलल्यासारखं होणार.

एक इंची फोम याला काही करत नाही. तो वरची चमचम शोषतो, साधारण हजार हर्ट्झच्या पुढची. खालचं जसंच्या तसं राहतं. वरचं गेलं आणि खालचं राहिलं की आवाज आणखी कोंदट होतो. माझ्या मते भिंतभर पातळ फोम लावण्यापेक्षा काहीच न लावलेलं बरं. अंड्यांचे ट्रे तर विसराच. आणि पीयू (पॉलियुरेथेन) फोम भराभर पेटतो, वायरी जवळून नेऊ नका.

आता खरखरीचं बोलू, कारण ‘एटी २०२० चा नॉइज जास्त म्हणून शेरा आला’ असं तुम्हाला सांगितलंय. त्याचा स्वतःचा नॉइज २० डेसिबल आहे, खरं आहे. पण एक वीत अंतरावर तुमचा आवाज सत्तरच्या आसपास पोचतो. दोन्हींत पन्नासचा फरक. ऑडिओबुकसाठी बहुतेक जण एसीएक्सचे (ऑडिबलच्या ऑडिओबुक प्लॅटफॉर्मचे) निकष डोळ्यासमोर ठेवतात. रेकॉर्डिंगची कमाल पातळी शून्य डेसिबल धरून: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८, सर्वोच्च उणे ३, आणि शांततेतला नॉइज उणे ६० च्या खाली. तुमचं बोलणं उणे २० वर आणलं तर माइकचा नॉइज उणे ७० ला बसतो. पास. पण बूथमध्ये पंख्याचा, लॅपटॉपचा, रस्त्याचा मिळून ३५ डेसिबल असेल तर तो उणे ५५ ला येतो, आणि ४ डेसिबलचा माइक आणला तरी नापास. हिशोब ढोबळ आहे, पण दिशा हीच. लॅपटॉप बूथबाहेर काढा, लांब वायर घ्या, निम्मं काम होईल. माझ्याकडे लोकलची धडधड होती. तिच्यावर कुठलाही फोम चालत नाही. शेवटची लोकल गेल्यावर वाचायला बसतो.

बूथचं मी काय केलं ते सांगतो. तुमच्याकडे वेगळं जमेल कदाचित, तोडफोड करण्याआधी घरच्यांशी बोला.

दाराकडची अख्खी प्लायची बाजू काढून टाकली. तिथे दोन जाड गोधड्या, एकीच्या मागे चार बोटं सोडून दुसरी. समोरासमोरच्या भिंतींची एक जोडी मोडली, घुमण्याचा जोर तिथेच कमी झाला. बाहेरचा आवाज थोडा जास्त येतो, पण रात्री तो नसतोच. उरलेल्या भिंतींचा फोम खरवडून काढला आणि ४८ डेन्सिटीच्या (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे, ५० मिमीचे दोन थर एकावर एक, लाकडी चौकटीत बसवले. छताला सहा इंच. कोपऱ्यांत उरलेले तुकडे जमिनीपासून वरपर्यंत रचले. रॉकवूल हाताळताना मास्क, पूर्ण बाह्या, हातमोजे. अंगाला लागलं तर दिवसभर खाजतं. वर कापड कुठलं लावायचं? दुकानात कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली पाहिजे. रेक्झिन नको.

दुसरी गोष्ट फुकट आहे, ती आजच करा. तुम्ही खुर्चीत बसून वाचता, माइक जमिनीपासून चार फुटांवर. आठ फूट उंचीत चार फूट म्हणजे बरोबर मध्य, आणि उभ्या दिशेचं ते १४० मध्यावरच सगळ्यात जोरात असतं. उभं राहून वाचा, माइक पाच-सव्वापाच फुटांवर येईल, फरक कानाला कळेल. माइक भिंतीला चिकटवू नका, आडव्या दिशेने भिंतीजवळच घुमणं जास्त. उभं राहिल्याने श्वासही खोल जातो, ते वेगळं.

तरीही माइक घ्यायचाच असेल तर माझं मत, फक्त मत. ‘डायनॅमिक माइक रूम घेत नाही’ हे इथे दर आठवड्याला कुणीतरी लिहितं. मला ते पटत नाही. डायनॅमिक माइक आपण तोंडाशी धरतो म्हणून रूम कमी येते. त्याच अंतरावर, त्याच कार्डिऑइड पॅटर्नचा (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारा) कंडेन्सर, म्हणजे एटी २०२० सारखा माइक ठेवा, रूम जवळपास तेवढीच येईल. शिवाय शुअरच्या एसएम७बी या डायनॅमिक माइकला साठेक डेसिबल गेन (आवाज वाढवणं) लागतो, छोट्या इंटरफेसचा त्यात दम निघतो. आणि कार्डिऑइड तोंडाशी आणला की खालचा सूर फुगतो. तुमच्या आवाजाला तेच नको आहे. आरई२० या दुसऱ्या डायनॅमिक माइकमध्ये हा फुगवटा जवळजवळ नसतो, पण किंमत बघा. सेनहायझरचा लांब नळीचा एमकेएच ४१६ प्रोमोवाल्यांचा लाडका. पण लांब नळीच्या माइकची दिशा पकडण्याची ताकद खालच्या सुरांना लागू होत नाही, म्हणजे तुमचा त्रास तसाच. बूथ नीट झाल्यावर रोड कंपनीचा एनटी१ किंवा एटी ४०४० पुष्कळ आहे. घेण्याआधी कुणाचा तरी दोन दिवस उसना आणून स्वतःच्या आवाजावर ऐका. मी चाचणीला ‘भाऊबिजेच्या फराळाला’ आणि ‘चाळीतल्या चुलीवर सासूची शेगडी’ अशी वाक्यं वाचतो. पहिल्यात भ-फ चे फटके कळतात, दुसऱ्यात दंततालव्य च आणि स किती टोचतात ते. टीएलएमवर माझा च टोचत होता, माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला वळवल्यावर बसला.

पावसाळ्यासाठी एक: कंडेन्सर स्टँडवर उघडा ठेवू नका. दमट हवेत तो तडतडायला लागतो. आमच्याकडे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतो.

ते अकरा तासांचं पुस्तक मी शेवटी पूर्ण पुन्हा वाचलं, आणि मुद्दाम जुन्या एटी २०२० वर. पास झालं. ‘स्वीकारले’ एवढाच मेल आला.

आज रात्री बूथमध्ये दार लावून खर्जातून सावकाश वर गुणगुणत जा आणि कुठे घुमतं ते इथे लिहा. सोबत मिनिटभराचं वाचन आणि तीस सेकंदांची शांतता टाका, नॉइज रिडक्शन न लावता. मी हेडफोनवर ऐकून सांगतो.