कढीपत्त्याच्या कुंडीत आपोआप उगवलेली टोमॅटोची रोपं ठेवावीत का?

ठेवा, पण सगळी नको. तुम्ही लिहिलंय की कुंडीत ओला कचरा पुरल्यावर टोमॅटोची पंधरा-वीस रोपं दाटीने उगवली आहेत आणि बाजारच्या टोमॅटोचं बी असल्यामुळे त्यांना फळ धरत नाही असं कुणीतरी सांगितलं. हे ऐकून चांगली रोपं उपटून टाकणारे बरेच जण मला भेटलेत, म्हणून आधी तेच सांगतो.

संकरित म्हणजे वांझ नव्हे. बाजारात येणारा टोमॅटो बहुतेक वेळा संकरित वाणाचा असतो. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतहून ट्रकने लांब जायचं, म्हणून जाड सालीचा आणि टणक. त्याच्या बियांतून आलेल्या रोपांना फुलं येतात, फळंही लागतात. फक्त सगळी भावंडं सारखी निघत नाहीत. एकाला आईसारखं लांबट, टणक फळ येईल, दुसऱ्याला गोल, मऊ, आंबट. रोगाला तोंड द्यायची ताकदही कुणात उतरते, कुणात नाही. घरच्या स्वयंपाकाला त्याने काही बिघडत नाही. साराला तर मला ती मऊ आंबट फळंच जास्त आवडतात.

बियाणापेक्षा महिना जास्त महत्त्वाचा. टोमॅटोला दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २४-२५ च्या वर तापमान गेलं की फूल येतं आणि गळून जातं. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये उगवलेलं रोप ऐन एप्रिल-मे मध्ये फुलावर येणार आणि तुम्ही म्हणणार, "बघा, धरलंच नाही!" हा दोष उन्हाचा. उलट ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उगवलेली रोपं पावसाच्या माऱ्यापासून जपली तर थंडीत भरभरून देतात. पुण्या-नाशिककडच्या गच्चीवर याहून सोपा हंगाम नाही. तुमची रोपं उन्हाळ्याच्या तोंडावरची असतील तर एखादंच ठेवा आणि दुपारी त्यावर सावली करा.

आता विरळणी. रोपं बोटभर उंच झाली की त्यातली जाड, ठेंगण्या खोडाची तीन-चार निवडा. बाकीची उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात. जीव तुटतो हे मला ठाऊक आहे, पण दाटीत वाढलेली सगळीच रोपं किडकिडीत राहतात आणि कढीपत्त्याचंही अन्न खातात. चार-पाच खरी पानं (बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन साध्या पानांनंतरची, कातरलेली) आली की संध्याकाळी, मुळांच्या मातीसकट, प्रत्येक रोप वेगळ्या कुंडीत हलवा. लावताना खालची पानं काढून खोड निम्मं मातीत पुरा. मिरचीला, वांग्याला असं करू नये. टोमॅटोच्या पुरलेल्या खोडाला मात्र नवी मुळं फुटतात आणि झाड भक्कम होतं.

कुंडी १२ ते १५ इंची हवी. रंगाची २० लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुऊन, तळाला भोकं पाडून उत्तम चालते. माती, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, थोडं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. निदान सहा तास ऊन. काठी सुरुवातीलाच रोवा, नंतर रोवताना मुळं दुखावतात.

फळाचं बूड काळं पडायला लागलं की लोक अंड्याची टरफलं टाकतात. ती इतकी सावकाश कुजतात की त्या फळांना त्यांचा उपयोग होत नाही. पाणी एक दिवस भरपूर आणि तीन दिवस कोरडं असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, म्हणून ते होतं. रोज सकाळी बोट खुपसून माती बघा, ओल सारखी राखा, वर पालापाचोळा पसरा. बाल्कनीत मधमाश्या येत नसतील तरी काळजी नको: टोमॅटोचं परागीकरण त्याच फुलात होतं. सकाळी दहाच्या सुमारास फुलांचा घोस टिचकी मारून हलवला की काम झालं.

एका गोष्टीत मात्र हयगय करू नका. शेंड्याची पानं आखडून, वर वळून झाड खुजं राहिलं तर तो पर्णगुच्छ, म्हणजे विषाणूमुळे होणारा रोग. पांढरी माशी हा विषाणू पसरवते आणि त्यावर औषध नाही. झाड लगेच काढून पिशवीत बांधून टाका, नाहीतर शेजारचंही जाईल. पिवळे चिकट सापळे आणि आठवड्याला निंबोळी अर्काची फवारणी सुरुवातीपासून ठेवली तर माशी आटोक्यात राहते.

पुनर्लागणीनंतर साधारण अडीच महिन्यांत पहिली फळं पिकतात. ज्या झाडाची फळं सगळ्यात आवडतील, त्याचंच एक फळ पूर्ण पिकू द्या. बिया गरासकट थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा, बुळबुळीत आवरण सुटलं की धुऊन ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर वाळवल्या तर चिकटून बसतात. पुढच्या ऑगस्टमध्ये कचऱ्यातून उगवण्याची वाट न बघता त्याच पेरा.