विहिरीवरच्या भुताची पहिली सुपारी घेताना

'द विचर ३' (२०१५) या व्हिडिओ गेममध्ये व्हाइट ऑर्चर्ड या गावाजवळच्या विहिरीपाशी असलेल्या नूनरेथसमोर, म्हणजे भर दुपारी प्रकटणाऱ्या स्त्री-भुतासमोर, तुम्ही वारंवार हरत आहात, हे वाचून आश्चर्य वाटले नाही. भर दुपारी विहिरीवर जाऊ नये असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगतात. इथे मात्र जावेच लागते.

बहुतेक नवखे तलवारबाजीत नव्हे, तर गेममधला मजकूर वाचण्याचा कंटाळा केल्याने अडकतात. फलकावरची सुपारीची नोटीस घेतल्यावर आधी ती लावणाऱ्या ओडोलनशी बोला, मोबदल्यात घासाघीस करा आणि मगच ओसाड वस्तीतील खुणा तपासा, कारण विहिरीत उतरून तळाशी पडलेले कंकण शोधल्याशिवाय व ते तिच्या मृतदेहासह जाळल्याशिवाय ही बाधा कायमची टळत नाही.

प्रत्यक्ष लढतीत एवढे पाळा:

- तलवार चांदीचीच हवी.
- यर्डन या जादुई चिन्हाचे वर्तुळ जमिनीवर टाकून तिला आत येऊ द्या, कारण त्यातच ती मूर्त रूप घेते. बाहेर घातलेले घाव बहुधा वायाच जातात.
- तिच्या प्रतिमा तुमच्याभोवती फिरू लागल्या की आधी त्याच नष्ट करा, नाहीतर तिची ताकद पुन्हा भरून येते.

लढत चालू असताना सेव्ह करता येत नाही, म्हणून कंकण जाळण्यापूर्वीच स्वतःहून सेव्ह करा. नाशिकमध्ये वळवाच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. तलवारीची तेले, बॉम्ब आणि म्यूटेजेन (ताकद वाढवणारे घटक) यांचा विचार सध्या नको. त्यांचे पुढच्या सुपारीच्या वेळी पाहू.