कव्हर ड्राइव्ह: बॅटच्या आधी डोकं

कव्हर ड्राइव्ह, म्हणजे पुढचा पाय टाकून ऑफच्या बाजूला समोर तिरका मारायचा फटका, खेळताना चेंडू हवेत उडतोय, नाहीतर बॅटची कड लागून स्लिपमध्ये, म्हणजे यष्टिरक्षकाशेजारच्या क्षेत्ररक्षकांकडे जातोय, म्हणतोस ना? मग बॅटचं राहू दे, आधी डोकं बघ. डोकं चेंडूच्या रेषेत पुढे झुकलं की पुढचा पाय आपसूक टप्प्याजवळ पडतो. गुडघा वाकलेला, सगळं वजन त्या पायावर, आणि चेंडू डोळ्यांखाली येईपर्यंत थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड. मला ते जमायला दोन हंगाम लागले.

खालचा हात घात करतो, तेव्हा तो सैल सोड. उजवा फलंदाज असशील तर उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एवढ्यानेच दांडा धर, डावं कोपर वर, फटक्याचा ताबा डाव्या हाताकडे. खालून जोर लावलास की बॅटचं तोंड फिरलंच. सरावाला कुणाला तरी बाजूने हळू चेंडू टाकायला सांग आणि प्रत्येक चेंडू जमिनीलगतच जातोय ना, ते बघ.

अंगापासून लांबचा चेंडू मात्र खुशाल सोड. सचिनने २००४ मध्ये सिडनीला हा फटका जवळजवळ बाजूलाच ठेवला आणि नाबाद २४१ धावा केल्या.