सिंगापूरला जाताना माणशी किती रोख रक्कम नेता येते? कस्टममध्ये काय सांगावं लागतं?

एका प्रवासाला माणशी 3000 अमेरिकन डॉलरच्या किमतीइतक्या परकीय नोटा नेता येतात. त्यावरचे पैसे फॉरेक्स कार्डवर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेल्या कार्डवर घ्या. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि चलन विकण्याच्या काउंटरवर मी तो रोज समजावून सांगतो. भारतीय नोटा 25,000 रुपयांपर्यंत जवळ ठेवा, परतल्यावर टॅक्सीला उपयोगी पडतात. चलन घेताना 50,000 रुपयांच्या वर रोख चालत नाही, चेक किंवा ऑनलाइन पैसे द्यावे लागतात. पावती मात्र जपून पासपोर्टसोबतच ठेवा. सिंगापूरमध्ये उतरताना माणशी 20,000 सिंगापूर डॉलरहून जास्त रोकड असेल तरच ती जाहीर करावी लागते, म्हणजे तुमचा तो प्रश्न येणार नाही.

खरी काळजी तंबाखूची घ्या. सिगारेटला तिथे करमाफी अजिबात नाही, एक असली तरी रेड चॅनेलला, म्हणजे कस्टममध्ये सामान जाहीर करायच्या रांगेत जाऊन सांगावी लागते. आणि गुटखा, खायची तंबाखू, व्हेप (ई-सिगारेट) यांवर सरळ बंदीच आहे. बाबांच्या शर्टाच्या खिशातली पुडी घरीच काढून ठेवा, कृपा करून. वरचे आकडे पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीय रहिवाशांचे आहेत. अनिवासी भारतीयांना नियम वेगळे.