पदवी आधी की नेतृत्वाची घडण? एका नर्सच्या वडिलांना उत्तर

पत्राचा आशय: आमची मुलगी बी.एस्सी. नर्सिंग करून नऊ वर्षे एका कॅथलिक रुग्णालयात काम करते आहे. हे रुग्णालय धर्मभगिनींनी (सिस्टरांनी) सुरू केलेले आहे. आता तिला डेप्युटी नर्सिंग सुपरिंटेंडंटचे पद देऊ केले आहे; मात्र त्याबरोबर दोन वर्षांच्या ‘लीडरशिप फॉर्मेशन’ उपक्रमात सहभागी होण्याची अट आहे. दर तीन महिन्यांनी तीन दिवसांचे निवासी सत्र, रोज लिहायची चिंतनवही आणि सोबत एक ज्येष्ठ मार्गदर्शक, असे त्याचे स्वरूप आहे. आम्ही ख्रिस्ती नाही. हाच वेळ तिने हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या पदवीला दिला तर अधिक उपयोग होणार नाही का? तिच्यावर धर्माचा आग्रह तर होणार नाही ना? आणि या उपक्रमाला बाहेर काही किंमत आहे का?

सप्रेम नमस्कार,

आपल्या तीन प्रश्नांपैकी पदवीचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी मार्गी लावते. हॉस्पिटल मॅनेजमेंटची पदवी आपल्या मुलीला आज ना उद्या लागेल. मनुष्यबळाचे नियोजन, अंदाजपत्रक, खरेदी, गुणवत्ता-मानांकन आणि कायदे हे विषय ‘फॉर्मेशन’च्या, म्हणजे घडणीच्या, उपक्रमात शिकवले जात नाहीत आणि त्यांच्यावाचून मोठे प्रशासकीय पद निभावत नाही. पण पदवी दोन वर्षांनीही करता येते, आणि तोवर प्रत्यक्ष जबाबदारीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे ती अधिक समजून करता येते. संस्थेने स्वतःहून निवडून दिलेली घडणीची संधी मात्र पुन्हा येईलच असे नाही. म्हणून, पुढे लिहिलेल्या एका गंभीर मुद्द्यावर तिचे मन स्वच्छ असेल, तर तिने आधी हा उपक्रम स्वीकारावा असे माझे मत आहे.

‘फॉर्मेशन’ हा शब्द आपण पत्रात प्रशिक्षण याच अर्थाने वापरला आहे, आणि आपल्या शंकेचे मूळ बहुधा तिथेच आहे. प्रशिक्षणातून माणूस एखादे काम करायला शिकतो. घडणीत, ते काम करणारा माणूस कसा आहे, कठीण प्रसंगी तो कशाच्या आधारावर निर्णय घेतो आणि ज्या हेतूने संस्था उभी राहिली तो हेतू त्याला आपला वाटतो का, याकडे लक्ष दिले जाते. हा शब्द धर्मसंघांच्या जीवनातून आलेला आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे धर्मभगिनी होऊ इच्छिणाऱ्या तरुणीला किमान 12 महिने नवदीक्षित म्हणून काढावे लागतात. त्यानंतर ती घेते ती व्रतेही आधी तात्पुरती, निदान 3 वर्षांची असतात, आणि त्यानंतरच तिला आजीवन व्रतांचा विचार करता येतो. वॉर्डाची किंवा रुग्णालयाची सूत्रे हाती येईपर्यंत त्या सिस्टरची अशी अनेक वर्षांची घडण झालेली असे. त्यामुळे पैसे नसलेल्या रुग्णाला दारातून परत पाठवायचे की नाही, हे ठरवण्यासाठी तिला नियमावली उघडावी लागत नसे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतरच्या) दशकांत, युरोप-अमेरिकेत धर्मभगिनींची संख्या झपाट्याने घटत गेली आणि रुग्णालयांची धुरा व्रतस्थ नसलेल्या डॉक्टरांच्या, नर्सच्या व व्यवस्थापकांच्या हाती आली. काही ठिकाणी तर धर्मसंघांनी रुग्णालयांचे पालकत्वच चर्चच्या कायद्याने मान्य केलेल्या नव्या मंडळांकडे सोपवले, आणि त्या मंडळांवर सामान्य गृहस्थाश्रमी माणसे बसू लागली. जे पूर्वी जगता जगता मुरत होते ते आता जाणीवपूर्वक द्यावे लागणार, हे संस्थांच्या लक्षात आले आणि त्यातून हे उपक्रम उभे राहिले. आपल्या मुलीला दोन वर्षे का मागितली जात आहेत, याचे हे उत्तर आहे. आणि खरे सांगायचे तर सिस्टरांच्या घडणीच्या मानाने दोन वर्षे थोडीच आहेत.

या परंपरेतील दोन माणसांची ओळख तिने आधीच करून घेतली तर तिला पुष्कळ गोष्टी उलगडतील. पहिले संत कामिल्लुस द लेलिस, 1550 मध्ये जन्मलेले, तरुणपणी सैनिक आणि जुगाराच्या नादी लागलेले. पायाच्या बऱ्या न होणाऱ्या जखमेमुळे ते रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात रुग्ण म्हणून दाखल झाले, तिथेच सेवेकरी झाले आणि पुढे तिथले व्यवस्थापकही झाले. पगारी नोकर रुग्णांकडे कसे दुर्लक्ष करतात हे त्यांनी खाटेवर पडून पाहिलेले होते. म्हणून अधिकार हाती आल्यावर त्यांनी रुग्णसेवा मनापासून करू इच्छिणारी माणसे जमवण्यास सुरुवात केली. नेतृत्वाची घडण म्हणजे काय, हे मला तरी कोणत्याही व्याख्येपेक्षा त्यांच्या चरित्रातून अधिक कळले. दुसऱ्या डॉ. मेरी ग्लाउरी. त्या ऑस्ट्रेलियातील डॉक्टर. 1920 मध्ये त्या गुंटूरला आल्या, धर्मभगिनी झाल्या आणि पोपच्या विशेष परवानगीने त्यांनी वैद्यकी चालू ठेवली. 1943 मध्ये कॅथलिक रुग्णालयांच्या भारतीय संघटनेची स्थापना त्यांच्याच पुढाकाराने झाली. समोरच्या रुग्णाला औषध देता देता त्यांनी स्थानिक स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण दिले आणि विखुरलेल्या रुग्णालयांची मोट बांधली. एक बाई एकाच वेळी उत्तम डॉक्टर, व्रतस्थ आणि संघटक असू शकते, हे आपल्या मुलीने या निमित्ताने अवश्य वाचावे.

प्रत्यक्ष सत्रात काय चालते, हे मी एकदाच पाहिले आहे. एका संस्थेने मला निरीक्षक म्हणून बोलावले होते. टेबलाभोवती लेखा विभागाचे प्रमुख, फार्मसीचे प्रमुख, एक भूलतज्ज्ञ आणि दोन वॉर्ड इन्चार्ज बसले होते, आणि त्यांच्यापुढे एका कागदावर एक प्रसंग लिहिलेला होता: रुग्णाचे वय 78, व्हेंटिलेटरवर 21 वा दिवस, बरे होण्याची आशा डॉक्टरांना उरलेली नाही, मुलगा म्हणतो ‘सगळे उपाय करा’, मुलगी म्हणते ‘आता त्यांचे हाल करू नका’, आणि आयसीयूत दुसरी खाट रिकामी नाही. सत्र घेणाऱ्या सिस्टरांनी निर्णय विचारलाच नाही. “या कागदावर कोणाचा आवाज आलेला नाही?” एवढेच त्यांनी विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक इन्चार्ज हळू आवाजात म्हणाल्या, “रात्रपाळीच्या नर्सचा. 21 दिवस दर दोन तासांनी ती त्यांना कुशीवर वळवते आहे.” त्यानंतर चर्चेचा सूरच पालटला.

मग सिस्टरांनी पोप बारावे पायस यांनी 1957 मध्ये भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणाचा आधार घेतला. जीव वाचवण्यासाठी सर्वसाधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे, पण रुग्णावर किंवा इतरांवर असह्य भार टाकणारे असाधारण उपाय करण्याचे बंधन नाही, ही त्यातील भूमिका त्यांनी समजावून दिली. रुग्णाचा अंत हेतुतः घडवून आणणे चर्चला कदापि मान्य नाही. मात्र ज्या उपचाराचा आता केवळ भारच उरला आहे तो थांबवून वेदनाशमन आणि सोबत देणे मान्य आहे. हा फरक लेखाप्रमुखांनी दोनदा विचारून घेतला, कारण बिलाचा प्रश्न त्यांच्याच टेबलावर येणार होता. शेवटची दहा मिनिटे सगळे निमूटपणे आपापल्या वहीत लिहीत होते. आपल्याला वेळेचा अपव्यय वाटलेली चिंतनवही ती हीच. मी त्या दिवशी जे पाहिले, ते व्यवस्थापनाच्या वर्गात क्वचितच घडते.

आता धर्माविषयी. आपली चिंता रास्त आहे आणि ती बोलून दाखवण्यात काही गैर नाही. घडणीचा पाया ख्रिस्ती आहे, हे कोणी लपवत नाही. सत्राची सुरुवात प्रार्थनेने होते, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातील, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाची सेवा करणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट पुन्हा पुन्हा येते, आणि कामाकडे नोकरीपेक्षा पाचारण, म्हणजे देवाची हाक, म्हणून पाहायला शिकवले जाते. परंतु चर्चची अधिकृत भूमिका अशी आहे की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी स्वीकारलेल्या धार्मिक स्वातंत्र्यावरील घोषणेत ती स्पष्ट शब्दांत नोंदलेली आहे. शिवाय शोमरोनी माणसाच्या गोष्टीतला वाटेत थांबून जखमा बांधणारा माणूस यहूदी समाजाच्या दृष्टीने परका होता, आणि देवळाशी संबंधित दोघे पलीकडून निघून गेले होते. आपल्या मुलीने प्रार्थनेच्या वेळी आदराने शांत बसावे, चर्चेत आपल्या श्रद्धेतून सेवेविषयी जे समजले ते मोकळेपणाने मांडावे, आणि प्रार्थनेतील सहभाग ऐच्छिक आहे ना, हे आधीच विचारून घ्यावे. चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.

सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला तो गंभीर मुद्दा याहून वेगळा आहे, आणि पत्रात आपण त्याला स्पर्श केलेला नाही. कॅथलिक रुग्णालयात गर्भपात, नसबंदी, गर्भनिरोधन, टेस्ट ट्यूब बेबीसारखे उपचार आणि दयामरण यांविषयी चर्चच्या शिकवणीप्रमाणे मर्यादा असतात. स्टाफ नर्स म्हणून काम करताना या मर्यादा आपोआप पाळल्या जातात, कारण ते उपचार तिथे होतच नाहीत. अधिकारपदावर गेल्यावर मात्र त्या मर्यादा इतरांना समजावून सांगणे, एखाद्या संतापलेल्या नातेवाइकासमोर शांतपणे उभे राहणे आणि शंका असेल तेव्हा नीतिविषयक समितीकडे प्रकरण नेणे, ही तिची जबाबदारी होईल. यातील एखाद्या बाबतीत तिची सदसद्विवेकबुद्धी वेगळे सांगत असेल, तर तो विचार पद स्वीकारण्यापूर्वी करावा. मनात एक आणि टेबलावर दुसरे असे ठेवून काही वर्षे काढलेल्या व्यक्ती माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या आहेत. त्यांची दमणूक पगाराने भरून निघालेली नव्हती. त्यासाठी संस्थेकडून नीतिनियमांची लेखी प्रत मागून घ्यावी आणि ती सवडीने, एकटीने वाचावी.

बाहेरच्या किमतीविषयी थोडक्यात सांगते. विद्यापीठाच्या पदवीसारखे या उपक्रमाचे प्रमाणपत्र सर्वत्र चालत नाही. कॅथलिक रुग्णालयांच्या जगात मात्र त्याला वजन आहे, आणि ते जग फार मोठे आहे. तिथे मिशन विभाग नावाचा स्वतंत्र विभागही असतो. संस्थेचा मूळ हेतू रोजच्या निर्णयांत उतरतो की नाही हे पाहणे, हे त्याचे काम. त्या विभागाचे प्रमुखपद बहुतेक ठिकाणी धर्मशास्त्राचा अभ्यास असलेल्या कॅथलिक व्यक्तीकडे जाते, हे तिने गृहीत धरावे. नर्सिंग, गुणवत्ता, प्रशिक्षण आणि प्रशासन या विभागांतील वरिष्ठ पदांच्या बाबतीत मात्र सहसा तशी अडचण येत नाही. इतर रुग्णालयांत मुलाखत देताना प्रमाणपत्रापेक्षा, वॉर्डातील एखादा पेच तिने कसा सोडवला, हे सांगता येणे अधिक उपयोगी पडेल.

संस्थेला होकार कळवण्यापूर्वी तिने आणखी काही गोष्टी विचाराव्यात: निवासी सत्रांचे दिवस कामाचे धरले जाणार की रजेत जाणार, मार्गदर्शक तिच्याच वरिष्ठांपैकी असेल की बाहेरचा, चिंतनवही दुसरे कोणी वाचणार का, आणि उपक्रम अर्धवट सोडावा लागल्यास पदावर परिणाम होईल का. यांपैकी वहीच्या प्रश्नाला मी सर्वाधिक महत्त्व देते. जी वही वरिष्ठ वाचणार आहेत, तिच्यात कोणीही खरे लिहीत नाही.

आणि एक विनंती. आपल्या पत्रात आपल्या शंका आहेत, आपल्या पत्नीच्या आहेत, पण तिला स्वतःला काय वाटते याविषयी एकही ओळ नाही. नऊ वर्षे रात्रपाळ्या केलेल्या मुलीपाशी या प्रश्नांची काही उत्तरे नक्कीच असतील. हे उत्तर तिच्या हाती द्यावे, आणि तिला लिहावेसे वाटले तर पुढचे पत्र तिने लिहावे.

आपली,
करिअर मार्गदर्शक