सुरतेचे लायसन्स अमळनेरात चालते का?

खानदेशाची वेस गुजरात आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांना लागून असल्यामुळे पोटापाण्यासाठी, लग्नसंबंधांमुळे किंवा निवृत्तीनंतर राज्य बदलणारी माणसे आपल्याकडे घरोघरी आढळतात. या वेळच्या टपालात अशाच वाचकांची पत्रे अधिक होती आणि त्यांतील बहुतेक पत्रांमध्ये वाहन चालविण्याच्या परवान्याविषयी एकच धास्ती होती. म्हणून हे सदर या वेळी त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी मूळचा अमळनेर तालुक्यातील. अनेक वर्षे सुरतेत उधना भागात राहून कापडबाजारात नोकरी केली. २०१२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तिथल्याच आरटीओतून मोटारसायकल आणि कारचे लायसन्स काढले. त्यावर मुदत २०३२ पर्यंतची आहे. आता कुटुंबासह गावी परत आलो आहे. एका एजंटाने सांगितले की, गुजरातचे लायसन्स महाराष्ट्रात चालत नाही, लर्निंगपासून नवे काढावे लागेल आणि जुन्याचा उल्लेख कुठेही करायचा नाही. हे खरे आहे का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : हे खरे नाही, आणि त्या सल्ल्यातील शेवटचे वाक्य तर तुम्हाला अडचणीत आणणारे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३ नुसार या कायद्याखाली दिलेला परवाना, मग तो शिकाऊ असो वा पक्का, संपूर्ण भारतात लागू असतो. तुमच्या कार्डावर गुजरातचे नाव आहे याचा अर्थ तो गुजरातमधील कार्यालयाने दिला एवढाच होतो. तो महाराष्ट्रात दाखविला म्हणून कोणी तुमच्यावर विनापरवाना वाहन चालविल्याची कारवाई करू शकत नाही. शासनमान्य डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपमधील प्रतही मूळ कार्डाइतकीच ग्राह्य धरण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे.

उलट, याच कायद्याच्या कलम ६ प्रमाणे एक परवाना अमलात असताना दुसरा पक्का परवाना जवळ बाळगण्यास मनाई आहे. जुना परवाना लपवून नवा काढणे म्हणजे खोटी माहिती देऊन परवाना मिळविणे होय, आणि असा परवाना रद्द करण्याचा अधिकार कलम १९ ने प्राधिकाऱ्याला दिलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली आहे आणि देशभरातील कार्यालयांचे काम आता ‘सारथी’ या एकाच संगणकीय प्रणालीवर चालते, त्यामुळे नाव, जन्मतारीख आणि छायाचित्र यांवरून अशी दुबार नोंद उघड होण्याचा धोका पुष्कळच वाढला आहे. सुरतेहून परतलेल्या कष्टकऱ्यांना भीती घालून त्यांच्याकडून पैसे उकळले जातात याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. अशा सल्लागाराला कायद्याचे कलम विचारावे, कारण तसे कलमच अस्तित्वात नाही.

तुम्हाला खरोखर करण्यासारखे काम एकच आहे, ते म्हणजे परवान्यावरील पत्ता बदलणे. नवे कार्ड टपालाने नोंदलेल्या पत्त्यावरच येते, आणि पुढे कधी परवान्याबाबत नोटीस निघाली तर तीही त्याच पत्त्यावर जाते. उधन्याच्या सोडलेल्या खोलीवर गेलेली नोटीस तुमच्या हाती येणार नाही आणि म्हणणे मांडण्याची संधी हुकेल, म्हणून हे काम रेंगाळत ठेवू नये.

यात क्रम महत्त्वाचा आहे. आधारवर अजून सुरतेचा पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या, कारण पुढचे सर्व काम त्याने सोपे होते. गावातील घर वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या नावावर असल्यास आणि तुमच्या नावाचे कोणतेही बिल नसल्यास, कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आधारवरील पत्ता बदलण्याची सोय २०२३ पासून उपलब्ध आहे. गावाकडे परतणाऱ्यांची अडचण नेमकी इथेच असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले. आधारखेरीज मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा आयुर्विम्याची पॉलिसी हे पुरावेही केंद्रीय नियम ४ मध्ये आहेत. यांतील काहीच सादर करता येत नसेल आणि त्याला सबळ कारण असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केलेले शपथपत्र स्वीकारण्याची मुभा परवाना प्राधिकाऱ्याला आहे.

त्यानंतर परिवहन विभागाच्या ‘सारथी’ या संकेतस्थळावर जावे. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे याची खात्री करून घ्यावी, कारण सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. सुरुवातीलाच राज्य निवडावे लागते. परवाना गुजरातचा आहे म्हणून बरेच जण तिथे गुजरात निवडतात आणि अर्ज पुन्हा सुरतेच्या कार्यालयाकडे जातो. तुम्ही आता जिथे राहता ते राज्य, म्हणजे महाराष्ट्र, निवडावे. मग परवान्यावरील सेवांमध्ये जुना क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की नोंद समोर येते. मोबाइल क्रमांक सुरतेतला आणि आता बंद असेल तर आधी तो अद्ययावत करावा, नाहीतर ओटीपी येणार नाही. केंद्रीय नियमांप्रमाणे पत्ताबदलाचे शुल्क २०० रुपये आहे आणि त्यावर कार्डाचा व टपालाचा खर्च येऊ शकतो. ज्या सेवा आधारच्या पडताळणीवर कार्यालयात न जाता देता येतात, अशा सेवांच्या मार्च २०२१ च्या केंद्रीय यादीत परवान्यावरील पत्ताबदल आहे, त्यामुळे माहिती जुळल्यास जळगावला खेपा घालण्याची गरज बहुधा पडणार नाही. ती जुळली नाही तर मात्र मूळ कार्ड आणि पुरावे घेऊन जावे लागेल. या कामासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही.

राहिला मुदतीचा प्रश्न. तुमचा परवाना कायद्यातील दुरुस्तीच्या आधीचा असल्यामुळे त्यावर वीस वर्षांची मुदत दिसते आणि छापलेली तारीखच धरावी. नूतनीकरण मात्र नव्या नियमाने होईल. तिशीच्या आत परवाना घेणाऱ्यास तो वयाच्या चाळीस वर्षांपर्यंत, तीस ते पन्नास वयाच्या व्यक्तीस दहा वर्षांसाठी, पन्नास ते पंचावन्न वयाच्या व्यक्तीस साठाव्या वर्षापर्यंत आणि पंचावन्नच्या पुढे पाच-पाच वर्षांसाठी मिळतो.

प्रश्न : माझे वडील रेल्वेतून इटारसी येथे निवृत्त होऊन भुसावळला स्थायिक झाले आहेत. त्यांचे लायसन्स जुन्या पुस्तकाच्या स्वरूपाचे असून क्रमांक टाकला तरी संगणकावर काहीच दिसत नाही. मुदत संपायला चार महिने उरले आहेत.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : पुस्तकी परवान्यांच्या नोंदी काही ठिकाणी संगणकावर चढविल्या गेल्या नाहीत. परवाना खरा आहे, पण त्याची नोंद प्रणालीत नाही, आणि ती चढविण्याचे काम ज्या कार्यालयाने परवाना दिला त्याचे आहे, जळगावचे नव्हे. वडिलांना लगेच प्रवास करायला लावण्याआधी पुस्तकाच्या सर्व पानांची स्पष्ट छायाप्रत, ओळखीचा पुरावा आणि साधा विनंती अर्ज मूळ कार्यालयाला रजिस्टर्ड टपालाने पाठवावा आणि पोचपावती जपून ठेवावी. तिकडे कोणी नातेवाईक किंवा जुना सहकारी असल्यास त्याला समक्ष चौकशी करण्यास सांगावे. पत्रापेक्षा समक्ष विचारपूस लवकर फळते. नोंद चढली की नूतनीकरण आणि पत्ताबदल या दोन्ही सेवा एकाच अर्जात निवडता येतात आणि तो अर्ज महाराष्ट्रातच करता येतो. नूतनीकरण कोणताही परवाना प्राधिकारी करू शकतो असे कलम १५ मध्ये म्हटले आहे. मुदतीपूर्वी एक वर्षापासून अर्ज करता येत असल्यामुळे चार महिने हाताशी आहेत असे समजून थांबू नये. नोंद चढविण्यातच बराच वेळ जाऊ शकतो. वय चाळीसच्या पुढे असल्यामुळे नोंदणीकृत डॉक्टरचे नमुना १-अ मधील प्रमाणपत्र लागेल. मूळ पुस्तक टपालाने कोठेही पाठवू नये.

प्रश्न : मी ट्रकचालक असून सेंधव्याला राहत होतो, लायसन्स मध्य प्रदेशचे आहे. आता शिरपूरला घर केले आहे. लायसन्सवर दोन तारखा आहेत. त्यांपैकी एक पाच महिन्यांपूर्वी होऊन गेली, दुसरी अजून नऊ वर्षांनी आहे. मालक म्हणतात, गाडी चालव, नऊ वर्षे शिल्लक आहेत. धुळ्याला नूतनीकरण होईल का?
— एक चालक, शिरपूर

उत्तर : भाऊ, आधी गाडी थांबवा. तुमच्या कार्डावरील लांबची तारीख खासगी वाहनांसाठी आहे आणि होऊन गेलेली तारीख व्यावसायिक वाहनांसाठी. व्यावसायिक परवाना पाच वर्षांचाच असतो. याचा अर्थ आज तुम्ही स्वतःची मोटारसायकल चालवू शकता, पण मालाचा ट्रक चालवू शकत नाही. मुदत संपल्यावर पूर्वी मिळणारी तीस दिवसांची सवलतही २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकण्यात आली आहे.

नूतनीकरण धुळ्याला निश्चितपणे होईल. ‘सारथी’वर महाराष्ट्र निवडून नूतनीकरण आणि पत्ताबदल असा एकत्र अर्ज करा, सोबत नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केल्यास पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही, वर्ष उलटले तर द्यावी लागते. तुमचे पाच महिने गेले आहेत, म्हणून हा आठवडा त्यासाठीच राखून ठेवा. उशिराचे जादा शुल्क पडेल, ते भरून टाकावे.

हे पत्र आम्हाला सर्वांत काळजीचे वाटले. मुदतीनंतर केलेले नूतनीकरण ते केल्याच्या तारखेपासून धरले जाते, मागील तारखेपासून नाही. मधल्या काळात पळासनेरच्या घाटात किंवा महामार्गावर अपघात झाला, तर चालकाकडे वैध परवाना नव्हता हा मुद्दा विमा कंपनी उपस्थित करते आणि जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. शिवाय परवान्याविना चालविल्याबद्दल चालकाला आणि तशी गाडी चालवू दिल्याबद्दल मालकालाही प्रत्येकी ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. हे उत्तर मालकांना वाचून दाखवावे. नूतनीकरण होईपर्यंत तुमची मजुरी बुडते हे आम्ही जाणतो, आणि मालकांनी त्या काळात तुम्हाला गोदामाचे किंवा भराईचे काम द्यावे अशी आमची त्यांना विनंती आहे.

प्रश्न : माझे माहेर बऱ्हाणपूरचे, सासर रावेर तालुक्यातील. लायसन्स माहेरच्या नावाने आणि पत्त्याने आहे. आधारवर मात्र सासरचे नाव लागले आहे. घरचे म्हणतात, जुने राहू दे, नव्या नावाने नवेच काढ.
— एक भगिनी, रावेर

उत्तर : ताई, नवे काढू नका, त्याचे कारण वर अमळनेरच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात आले आहे. माहेरच्या नावाचा तुमचा परवाना आजही पूर्णपणे वैध आहे आणि लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. परंतु आधारवर एक नाव आणि परवान्यावर दुसरे असेल, तर आधारवर आधारलेली घरबसल्या सेवा तुम्हाला मिळणार नाही, कारण पडताळणीत नावे जुळणार नाहीत. म्हणून नावबदल आणि पत्ताबदल यांचा अर्ज एकत्र करून कार्यालयात कागदपत्रे दाखविण्याची तयारी ठेवावी. यासाठी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र हा मुख्य आधार आहे. ते अजून घेतले नसेल तर लग्न जिथे झाले तिथल्या निबंधकाकडून आधी घ्यावे. विवाह नोंदणी नसल्यामुळे सुनांची बँकेची, रेशनकार्डाची आणि आता परवान्याचीही कामे अडतात, तेव्हा हे काम घरच्यांनी तुमच्यावर न सोपवता स्वतः पुढाकार घेऊन करावे. तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचे शिबिर भरत असेल तर त्या दिवशी कागदपत्रे दाखवता येतील का, याची आधी चौकशी करावी, म्हणजे जळगावची खेप वाचेल.

आपली धाकटी नणंद बऱ्हाणपूरला शिकते आणि तिने तिथे शिकाऊ परवाना काढला आहे, असेही आपण लिहिले आहे. तो सहा महिने चालतो आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. शिक्षण तिथेच चालू असेल तर ही चाचणी तिथेच देणे सर्वांत सोयीचे. पत्ता पुढे केव्हाही बदलता येईल.

प्रश्न : नवापूरला बदली झाली आहे. स्कूटर गुजरात पासिंगची आहे. लायसन्सबरोबर गाडीचेही काही करावे लागते का?
— एक शिक्षिका, नवापूर

उत्तर : होय, गाडीचा नियम परवान्यापेक्षा वेगळा आहे. वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवले तर कलम ४७ प्रमाणे तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाकडून नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र आणावे. अर्जानंतर तीस दिवसांत नकार कळविला गेला नाही, तर ते दिले गेले असे कायदा मानतो, म्हणून अर्जाची पोच अवश्य घ्यावी. स्कूटरवर कर्ज असेल तर वित्तपुरवठादाराची संमती आधी लागेल. महाराष्ट्रात कर भरावा लागतो आणि गुजरातमध्ये भरलेल्या कराच्या उरलेल्या काळाच्या परताव्यासाठी तिकडे वेगळा अर्ज स्वतः करावा लागतो. तो आपोआप मिळत नाही. नवा क्रमांक मिळाल्यावर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर तो चढवून घ्यावा.